हाकणं आणि हाणणं

“बैलाले मारू नका जी! शेपूट मुरगाळू नका! जो मारन त्याची जोडी बाद!”

भोंग्यातून आवाज येतो, श्वासभर थांबतो, आणि त्याच भोंग्यातून, त्याच माणसाच्या तोंडून पुढचं येतं, “सुटली, सुटली! हान रे हान! हान!”

माझ्या शेजारी लाल प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले वकीलसाहेब मान न वळवता म्हणतात, “पहिलं वाक्य कलेक्टरसाहेबांसाठी. दुसरं बैलांसाठी.”

दोन जोड्या समोरून जातात. जातात म्हणजे काय, धुळीची एक भिंत उजवीकडून डावीकडे सरकते आणि तिच्या पुढच्या टोकाला सोळा पांढरे पाय, शिंगांना बांधलेले लाल गोंडे आणि छकड्यावर वाकलेला एकेक धुरकरी एवढंच डोळ्यांत राहतं. जमीन खुर्चीच्या पायांतून वर कळते. लोक ओरडतात, शिट्ट्या होतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी असलेली पोरं एकमेकांच्या अंगावर पडतात. मग धूळ खाली बसते आणि दाणीच्या दुसऱ्या टोकाला चार-पाच जण बैलांच्या वेसणी धरून लोंबकळताना दिसतात.

दाण म्हणजे पटाचा पट्टा. धान कापून झालेल्या बांध्यांचे धुरे फोडून, सपाट करून, अशा दोन दाणी शेजारी शेजारी काढल्या आहेत. झाडीपट्टीत जानेवारी आला की धान घरात असतं, हातात थोडा पैसा असतो, आणि गावागावांत शंकरपट लागतो. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात त्याचं हे आमच्याकडचं रूप. दिवसा पट, रात्री नाटक. मांडवाच्या बांबूला वडशाच्या कंपनीच्या नाटकाचं पोस्टर लागलेलं आहे, नायिकेच्या डोळ्यांत पाणी आहे आणि खाली तिकिटाचे दर. आलुबोंडा, गुपचूप, उसाचा रस. लेकी पटासाठी माहेरी आलेल्या. पाहुण्यांना बैल कुणाचे ते ओळखू येत नाही, पण जावई कुणाचा ते सगळ्यांना माहीत.

सकाळी मी नवेगावच्या बांधावरून आलो तेव्हा तळ्यावर धुकं होतं. इथून तळं दिसत नाही, पण ते ज्यांच्या खिंडी बुजवून अडवलं ते डोंगर दिसतात. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यानं हा बांध घातला. आजूबाजूच्या टेकड्या सात बहिणी झाल्या आणि पाटील स्वतः कोलासूर देव झाला. त्या टेकड्यांमागचं जंगल 1975 पासून राष्ट्रीय उद्यान, 2013 पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग. मारुती चितमपल्लींमुळे हे नाव उभ्या महाराष्ट्राच्या घरात गेलं, पण ते पक्ष्यांचं आणि रानाचं नवेगाव. आज मी आलोय ते गावातल्या जनावरासाठी.

“तो डोंगर दिसतो?” वकीलसाहेब बोट दाखवतात. “त्याच्या पलीकडे कुणी रानगवा मारला, तर वन्यजीव कायदा. पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षा न्यायाधीशाला देताच येत नाही, सात वर्षांपर्यंत जाते, दंड पंचवीस हजारांच्या वर. आता या डोंगराच्या अलीकडे या. गव्याचाच भाऊबंद, फक्त वेसण घातलेला. याला तुतारीनं, म्हणजे आर लावलेल्या काठीनं, रक्त निघेपर्यंत टोचलं तर पहिल्या गुन्ह्याला किती?”

मला आकडा माहीत आहे, पण त्यांना सांगायचं आहे, म्हणून मी गप्प राहतो.

“कमीत कमी दहा रुपये. जास्तीत जास्त पन्नास.”

सत्तरी ओलांडलेले आहेत. अर्जुनी मोरगावच्या कोर्टात आयुष्य गेलं. ‘नाव लिहू नका, बाकी काहीही लिहा,’ ही त्यांची अट. गळ्यात मफलर, खिशाला दोन पेनं. पटाच्या समितीतले लोक येता-जाता त्यांच्या पाया पडतात. कारण पटावर बंदी होती त्या वर्षांत या समितीतल्या निम्म्या लोकांची वकीलपत्रं त्यांच्याकडे होती.

प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 चा. त्याचं मूळ रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आणलेल्या विधेयकात आहे. त्याचं कलम 11 म्हणजे क्रूरतेची यादीच: मारणं, लाथ घालणं, अति हाकणं, अति लादणं, यातना देणं. आणि या सगळ्यांना बांधणारा एक शब्द, ‘अनावश्यक’. अनावश्यक वेदना देणं हा गुन्हा.

“म्हणजे आवश्यक वेदना असते,” वकीलसाहेब म्हणतात. “ती किती, हे ठरवण्यावर माझं घर चाललं. हाकणं गुन्हा नाही. हाणणं गुन्हा आहे. मधली रेघ कुणी आखली?”

पुढची जोडी सुटण्याच्या जागी येते. एक बैल उभाच राहत नाही. मागचे पाय आपटतो, जू वाकडं होतं, जोडीदाराला ओढून घेतो. तिघे जण त्याला सरळ करतात. त्यांतला एक त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी पुटपुटतो आणि दुसरा, मी इथून नीट पाहतोय, शेपटीच्या मुळाशी हात घालतो. बैल दचकतो, सरळ होतो. “मारू नका जी,” भोंगा म्हणतो.

बंदीची गोष्ट वकीलसाहेब घरातल्या मयतीसारखी सांगतात, तारखांसकट. जुलै 2011 मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली. ज्या प्राण्यांचे खेळ करायला मनाई, त्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. त्यांच्या रांगेत बैल जाऊन बसला. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं जल्लिकट्टूबरोबर बैलांच्या शर्यतीही बंद केल्या. 2017 मध्ये राज्यानं आपली दुरुस्ती केली, नियम केले, पण उच्च न्यायालयानं हात धरला. 16 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं राज्यांचे कायदे वैध ठरवले.

“आणि मधली सात-आठ वर्षं?”

“मधली सात-आठ वर्षं पट झालेच नाहीत,” ते गंभीर चेहऱ्यानं म्हणतात. मग चहाचा कप खाली ठेवतात. “जे झाले नाहीत त्यांचे खटले मी लढवले.”

पहाटे पाचला, आडरानात, भोंग्याशिवाय. पोलीस पोचेपर्यंत जोड्या गेलेल्या. दहा-बारा नावं लिहिली जायची. कलमं ठरलेली: 1960 च्या कायद्याचं 11, महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 119, आणि मनाई आदेश मोडला म्हणून भारतीय दंड संहितेचं 188. ऐकायला भारी. वकीलसाहेब एकेक बोट मिटत जातात. 188 ची दखल कोर्ट घेऊच शकत नाही, ज्याचा आदेश मोडला त्या अधिकाऱ्यानं किंवा त्याच्या वरिष्ठानं स्वतः लेखी तक्रार दिल्याशिवाय. नुसत्या पोलिसांच्या दोषारोपपत्रावर ते उभं राहत नाही. एक बोट मिटलं. कलम 11 मधलं मारणं-हाकणं अदखलपात्र. दंडाधिकाऱ्याच्या हुकमाशिवाय पोलिसांना तपासच करता येत नाही. दुसरं बोट. शिवाय त्या कायद्यात खटल्याची मुदत तीन महिने. तीन महिने आणि एक दिवस झाला की संपलं. तिसरं बोट. प्राण्यांच्या झुंजी भरवणं मात्र दखलपात्र, म्हणून ते पोटकलम लावलेलं असायचं. “मी विचारायचो, साहेब, झुंज कुणाची कुणाशी? दोघं एकाच दिशेनं पळत होते ना?”

मी हसतो. हसल्यावर थोडं वाईट वाटतं.

“बैलाचं काय झालं, हे कुणी विचारलं का कोर्टात?”

“विचारायला बैल कोर्टात यायला पाहिजे ना. तो मुद्देमाल. मुद्देमाल सुपुर्दनाम्यावर मालकाच्या गोठ्यात.” मग त्यांना काहीतरी आठवतं. “इंग्लंडात आणलं होतं म्हणतात एकदा. 1822 मध्ये रिचर्ड मार्टिन नावाच्या खासदारानं जनावरांसाठी तिथला पहिला कायदा करून घेतला. पहिल्याच खटल्यांपैकी एकात त्यानं मार खाल्लेलं गाढव थेट न्यायाधीशासमोर उभं केलं, जखमा दाखवायला. फेरीवाल्याला दंड झाला. असा फिर्यादी माझ्यासमोर असता तर मी एकही केस जिंकलो नसतो.”

दुपार चढते. मांडवाच्या एका कोपऱ्यात पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचं टेबल आहे. तरुण आहे, हातमोजे घातलेत, समोर रांग. नियमांत दाण हजार मीटरपेक्षा लांब नको, ही तर निम्मीही नसेल. कलेक्टरकडे आधी अर्ज, 50 हजार रुपयांची अनामत, जोड्यांची तपासणी, काठी, चाबूक, तुतारी, विजेचा झटका काही नाही, आणि सगळ्याचं चित्रीकरण. मोडलं तर राज्याच्या दुरुस्तीनं पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. पन्नास रुपयांवरून पाच लाखांवर ही उडी आहे, आणि ती शर्यतीला परवानगी देणाऱ्या कायद्यात आहे, ही गंमत मला अजून पचलेली नाही. त्याच बैलाला हाच माणूस उद्या नांगराला जुंपून टोचेल तेव्हा दर पुन्हा पन्नास. शिक्षा वाढवण्याचा मसुदा केंद्रानं 2022 मध्ये लोकांसमोर ठेवला होता. तो मसुदाच राहिला.

डॉक्टर बैलाच्या कानातला पिवळा बिल्ला वाचतो, बारा आकडे मोबाइलमध्ये भरतो.

“हा बिल्ला माझ्या वेळी नव्हता,” वकीलसाहेब खेदानं म्हणतात. “माझा हातखंडा प्रश्न होता. पंचनाम्यात लिहिलेलं असायचं, ‘पांढऱ्या रंगाचे दोन बैल’. मी पंचाला विचारायचो, तालुक्यात पांढरे बैल किती? हाच तो कशावरून? पंच वर बघायचा, छताकडे.”

“आणि डॉक्टरला?”

“डॉक्टरला एकच. तपासणी दुसऱ्या दिवशी झालेली असायची. ‘पुठ्ठ्यावर बारीक जखमा,’ असा दाखला. मी विचारायचो, डॉक्टरसाहेब, अशी जखम काट्यानं होऊ शकते? होऊ शकते. खुंट्याला घासून? होऊ शकते. गोचीड चावून, मग बैलानं अंग खाजवून? होऊ शकते. एवढं लिहून घेतलं की मी बसायचो.”

दाणीच्या कडेला गडबड होते. एक मुलगी, पंचविशीची असेल, पाठीला सॅक, मोबाइल उंच धरून चित्रीकरण करते आहे. छातीला बिल्ले लावलेले दोन स्वयंसेवक तिला अडवतात. “ताई, व्हिडिओ कायले काढता? कोनच्या पेपरच्या होय तुमी?”

“पेपरची नाही. प्राण्यांसाठी काम करते.”

आवाज वाढतो. वकीलसाहेब उठतात, काठी टेकत जातात, मीही मागे. “काढू दे रे तिला. चित्रीकरणाची अट सरकारनंच घातली आहे. तुमचा कॅमेरावाला सकाळपासून नाटकाच्या पोस्टरचे फोटो काढतोय.”

पोरं ओशाळतात, बाजूला होतात. मुलगी त्यांना एक तुकडा दाखवते. मघाची जोडी. छकड्यावर वाकलेला धुरकरी, डावा हात शेपटीवर, उजवी मूठ मिटलेली. मूठ बैलाच्या पुठ्ठ्याला लागते, दर दोन ढांगांना एकदा, आणि प्रत्येक वेळी बैल पाठ खाली दाबून पुढे झेपावतो. मुठीत काही आहे का? ती चित्र मोठं करते. मूठ मोठी होते, नुसते ठिपके होतात. नखाएवढं काहीतरी चमकतं, किंवा अंगठी असेल.

“तुतारी आता मुठीत मावते,” मुलगी म्हणते.

“असं तुम्हाला वाटतं,” वकीलसाहेब म्हणतात. त्यांचा आवाज बदललेला आहे, पाठ ताठ झालेली आहे. “मी बचावाचा वकील आहे असं समजा. हा व्हिडिओ कुणी काढला?”

“मी.”

“कोणत्या फोननं? फोन कुणाच्या नावावर? कोर्टात मूळ फोन देणार की नक्कल? नक्कल देणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चा दाखला कुठे आहे? त्यात फाइलचा हॅश आकडा लिहावा लागतो, तो काढलात? व्हॉट्सअॅपवर पाठवलात का कुणाला?”

मुलगी गप्प. तिनं पाठवलेला आहे.

“धुरकऱ्याचं नाव? जोडीचा क्रमांक? पट सुटल्यावर लगेच त्याची मूठ उघडून पंचांसमोर जप्ती केलीत? नाही. डॉक्टर पंचवीस पावलांवर बसलेत. त्यांना आत्ता, या घडीला, तो बैल दाखवलात? नाही. मग उद्या मी विचारीन तेव्हा ते काय म्हणतील?”

ती सॅकमधून वही काढते आणि लिहून घेऊ लागते. हॅश आकडा. जोडी क्रमांक. लगेच तपासणी. वकीलसाहेब थांबून तिला शब्द नीट लिहू देतात, एका ठिकाणी दुरुस्तीही सांगतात. चाळीस वर्षं ज्या भोकांतून आपले पक्षकार बाहेर काढले, ती भोकं ते तिला एकेक करून दाखवताहेत. का, ते मी विचारत नाही. ती आभार मानून डॉक्टरच्या टेबलाकडे धावत जाते. तिथे रांग आहे. त्या जोडीचा मालक तोवर बैल घेऊन तळ्यावर पाणी पाजायला गेला, असं कुणीतरी तिला सांगतं.

आमच्या घरात दाराच्या मागे आजोबांची तुतारी उभी असायची. तेल लावलेला बांबू, टोकाला लोखंडी आर. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तेच आजोबा बैलांचे खांदे तूप-हळदीनं शेकायचे, उद्या जेवायला या म्हणून बैलांना आवतण द्यायचे, आणि त्या वेळी त्यांच्या डोळ्यांत जे असायचं ते खोटं नव्हतं. इथेही तेच आहे. मघाच्या जोडीचा मालक बैलांना बदाम चारतो म्हणे, अंडी देतो, रात्री गोठ्यात खाट टाकून झोपतो. पोराच्या शाळेची फी थकली तरी ढेप थकत नाही. या माणसाला क्रूर म्हणायला जीभ रेटत नाही, आणि ती मिटलेली मूठही डोळ्यांपुढून जात नाही. घटनापीठानं 2023 मध्ये प्राण्यांना मूलभूत हक्क आहेत असं म्हणायचं टाळलं. आजोबांना हक्क हा शब्द माहीत नव्हता, आवतण माहीत होतं. त्यांनी तुतारी मात्र शेवटपर्यंत वापरली.

दोनला जेवणाची सुटी होते. भोंगा बंद झाल्यावर कान हलके होतात. आम्ही मोहाच्या झाडाखाली जातो. तिथे एक जोडी बांधली आहे, सकाळची पहिली फेरी जिंकलेली. गवळाऊ वळणाची, उंच, दुधासारखी पांढरी. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा त्यांच्यापुढे तणस टाकतो आहे. बैल खात नाहीत. बरगड्या अजून भात्यासारख्या चालू आहेत आणि नाकपुड्यांच्या कडेला फेस वाळलेला आहे.

“नाव काय रे याचं?”

“याचं राजा, त्याचं शंभू जी.”

“मारतो का?”

“नाही जी. लय गरीब हाये.”

वकीलसाहेब काठी झाडाला टेकवतात आणि राजाच्या मानेवर हात ठेवतात. हात सराईत आहे, शेतकऱ्याचा आहे. मानेवरून खांद्यावर, पाठीच्या कण्यावरून मागे, पुठ्ठ्यावर. बैलाची कातडी त्या हाताखाली थरथरत जाते, माशी बसल्यावर थरथरते तशी. पुठ्ठ्यावर हात थांबतो. पुढे जातो, परत येतो. दोन बोटं केसांच्या आत शिरतात, एका ठिकाणी, मग त्याच्या वितभर खाली, मग त्याच्याही खाली. मी वाकून पाहतो. पांढऱ्या केसांत तीन ठिकाणी केस चिकटून टोकदार झालेत, आणि त्यांच्या बुडाशी मसुराएवढं काळपट काहीतरी आहे. एकाच्या कडेला ओल.

“हे काय रे बावा?”

मुलगा तणस टाकायचं थांबवत नाही. उत्तर त्याच्या जिभेवर तयार असतं.

“गोचीड होय जी.”

वकीलसाहेब हात तिथेच ठेवतात. राजा मान वळवून त्यांच्याकडे पाहतो, किंवा त्यांच्या मागच्या पाण्याच्या बादलीकडे.

“होऊ शकते,” ते म्हणतात, आणि खिशातला रुमाल शोधू लागतात.